कुकरच्या रिंगने गिळलेला वास

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, कामाच्या दिवसांत माझ्यात कधी काही साठवलं गेलं नाही. झाडाचं पान काय सोडतं ते पकडायचं, एवढंच माझं काम होतं.

मला फुंकून घडवणारा कारागीर घाईत होता. "तोंड जरा तिरकं झालंय, पण चालेल," असं म्हणून त्याने मला खोक्यात घातलं. तेव्हापासून माझं झाकण रिंगेशिवाय घट्ट बसत नाही. माझ्यासोबत एक पांढरी, गुळगुळीत रिंग आली होती. तिच्या जोरावर मी अकरा वर्षं काम केलं.

हे काम झाडांच्या प्रयोगशाळेत, तिथे संशोधन करणाऱ्या ताईच्या हाताखाली होतं. ती जिवंत फांदीचं टोक माझ्यात घालायची, झाकणाच्या खाचेतून देठ बाहेर काढायची आणि माझ्यातली हवा नळीने यंत्राकडे सोडायची. ऊन तापलं की काही झाडं पानांतून एक न दिसणारी, पटकन उडून जाणारी वाफ सोडतात. एकदा ताईने दोन पानं दिव्याखाली तापवली. एकाची वाफ तिने औषधाने थांबवली होती. ते पान मलूल झालं ते झालंच. दुसरं तासाभरात पुन्हा कामाला लागलं. ही वाफ पानाच्या आतले नाजूक पडदे उन्हात सावरते, असं ताई सांगायची. "नेमकं कसं, ते अजून शोधतोय," हेही न चुकता सांगायची.

मागच्या अंगणात निलगिरीची तीन झाडं होती. ताईने आणि माळीकाकांनी ती चार वर्षं वाढवली होती. ती वाफ सोडणारी निघाली, तर त्यांचीच रोपं दवाखान्याच्या रखरखीत रस्त्याला लागणार होती. नाहीतर शनिवारी झाडं उपटून तिथे गाड्यांची शेड होणार होती.

सोमवार ते गुरुवार, रोज दुपारी दोन वाजता, यंत्राने एकच आकडा दाखवला. शून्य.

"पान चुरगाळलं की केवढा वास येतो, साहेब!" काका म्हणाले.

"चुरगाळल्यावर येणारच. उभ्या उन्हात आपणहून सोडतं का, ते दाखवा," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

मला सगळं ठाऊक होतं. पण बरणीला तोंड असलं, तरी बोलता कुठे येतं?

शुक्रवारी ताईने मला पुसायला घेतलं आणि ती थबकली. "काका, ही काळी रिंग कुठली?"

काकांनी कान खाजवला. "जुनी तुटली, म्हणून गेल्या रविवारी बसवली. आमच्या कुकरची आहे. अगदी मापात बसली."

"आणि घरी काकूंचा कुकर?"

"ती म्हणते, आठवडाभर कुकरची शिट्टीच होत नाही. मी म्हटलं, गॅस बारीक असेल."

ताईने रिंग काढून नाकाशी धरली, मग काकांच्या नाकाशी. निलगिरीचा घमघमाट! रबराने सारी वाफ शोषून घेतली होती. झाडं चार दिवस देत होती आणि यंत्रापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

"म्हणजे चोर माझ्याच घरचा!" काकांनी रिंग पुन्हा एकदा हुंगून पाहिली.

"चला काका, दोन वाजायला आले," ताई म्हणाली. तिने दुसऱ्या बरणीची पांढरी रिंग मला चढवली. दोन वाजता यंत्राची रेघ वर चढली. तिन्ही झाडांची चढली. साहेबांनी तिन्ही वेळा स्वतः वाचून पाहिली आणि शेडची जागा बदलली.

आता माझ्या कडेला चीर गेली आहे. काम नवी यंत्रं करतात. मी काकांच्या खिडकीत असते, माझ्यात बियांच्या पुड्या असतात. शेजारच्या खिळ्यावर ती रिंग टांगलेली आहे. काकूंनी ती परत घेतली नाही. "मला जेवणाला झाडाचा वास नको," म्हणाल्या. दवाखान्याच्या रस्त्यावर चाळीस रोपं लागली आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांतली सदतीस तगली.

मित्रांनो, उन्हात गप्प उभं असलेलं झाड स्वतःला सावरायला धडपडत असतं. त्याला पाणी द्या. आणि ते काहीच देत नाही असं वाटलं, तर कुऱ्हाड उचलण्याआधी एकदा आपल्या बरणीची रिंग हुंगून पाहा.