गरम डांबरावरची सात मिनिटं

मी एक जुना रोलर आहे. दोन लोखंडी चाकं, पाण्याची टाकी, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आणि पोटात सारखं खोकणारं डिझेलचं इंजिन. मित्रांनो, आधीच कबूल करून टाकतो, मला एका जागी बसवत नाही. तुमच्या वर्गात एखादा असतो ना, बाईंनी दहा वेळा दटावलं तरी बाकाखाली पाय हलवणारा? तो मी. माझं वजन चार टन आहे, एवढाच काय तो फरक.

पण यात माझा काही दोष नाही हो. गरम डांबर अंथरलं की त्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे करत राहायचं, हेच माझं काम. थांबलो की संपलं. ताटात थापलेल्या गरम वडीवर कुणी वाटी ठेवून विसरावं, तसा माझ्या चाकाचा ठसा खाली उमटतो आणि डांबर थंड झाल्यावर तो कायमचा राहतो. म्हणून रोलरने थांबायचं नसतं. पाणी प्यायला नाही, घाम पुसायला नाही, कुणाशी दोन शब्द बोलायलाही नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. खिडकीबाहेर बर्फ होतं. तिथल्या कामगारांनी माझी चाकं घासूनपुसून आरशासारखी केली, मला पिवळाधमक रंग दिला आणि एका ट्रकवर चढवलं. चार दिवसांनी उतरलो तो थेट ॲरिझोनाच्या वाळवंटात. पहिल्याच दुपारी माझी बसायची गादी इतकी तापली की जिला मला चालवायचं होतं ती टुणकन उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हा तर तवा आहे."

ती ओफेलिया बुस्तामान्ते. खाजगी रस्त्यांवर डांबर घालायचा धंदा तिच्या थोरल्या भावाचा, तेओचा. सरकार ज्या रस्त्यांकडे ढुंकून बघत नाही, लोकांच्या स्वतःच्या मालकीचे, वस्तीपुरते, असे रस्ते तेओ करायचा. ओफेलियाने माझ्या गादीवर जुनी सतरंजी बांधली, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून त्यावर गवती टोपी चढवली आणि माझं नाव ठेवलं, गोर्दो. म्हणजे जाड्या. मला राग आला नाही. आहेच मी जाड.

आमचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ऊन चढायच्या आत जमेल तेवढं उरकायचं. ओफेलिया घरून चांदीच्या कागदात गुंडाळलेले बुरितो, म्हणजे पोळीच्या जाड गुंडाळ्या, आणायची, आत घोटलेली राजम्याची उसळ आणि सुकवलेलं मांस. ते माझ्या इंजिनावरच्या पत्र्यावर ओळीने मांडायची. सातपर्यंत ते असे गरम व्हायचे की चार गड्यांची भांडणं मिटावीत. मित्रांनो, रस्ते तर सगळेच रोलर करतात. न्याहारी गरम करणारा मी एकटाच, असं मला आपलं वाटायचं.

तेओचे नियम दोन. गरम डांबरावर जाड्या थांबता कामा नये, हा एक. आणि डांबर टाकल्यावर तीन दिवस त्यावर कुणाचं चाक येता कामा नये, हा दुसरा. त्यासाठी तो केशरी शंकूंची रांग लावायचा आणि गुडघा दुखत असला तरी तिच्यासमोर पहारेकऱ्यासारखा उभा राहायचा. एकदा एका बाईंनी विचारलं, "फक्त माझी छोटी गाडी आहे हो, जाऊ द्या ना." तेओ म्हणाला, "छोटी आहे तर मग खांद्यावर घेऊन जा."

तीस वर्षांत त्याच्या एकाही रस्त्यावर ठसा नव्हता. हे तो लग्नातही सांगायचा आणि मयतीलाही.

आता त्या रस्त्याची गोष्ट सांगतो. पालो व्हेर्दे लेन. अकरा घरं, एकच मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाय रुतेल अशी भुसभुशीत वाळू. गाड्या जाऊन जाऊन मातीवर छपराच्या पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या. शेवटचं घर स्ट्राउड नवराबायकोचं. वेंडेल स्ट्राउड यांनी अडतीस वर्षं मालगाडीचं इंजिन चालवलं होतं, आणि आता त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. दवाखान्याची गाडी त्यांना न्यायला यायची, पण त्या लाटांवर तिच्या चाकांचा दांडा मोडला आणि दवाखान्याने कळवलं, रस्ता नीट होईपर्यंत गाडी रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फाटकापाशीच थांबेल. मग त्यांच्या बायकोने, डार्लीनबाईंनी, आपल्या जुन्या गाडीतून त्यांना फाटकापर्यंत न्यायला सुरुवात केली. बाईंना धड दिसत नव्हतं, तरी.

डांबर हिवाळ्यातच पडायचं होतं. पण खाजगी रस्ता म्हणजे सगळ्या घरांच्या सह्या हव्यात. दहा झाल्या. अकरावे केसलर आजोबा अडून बसले. त्यांचं म्हणणं, "धुरळा उठला की मला कळतं कोण येतंय. डांबर घातलं की कसं कळणार?" त्यांना पटवता पटवता जुलै उजाडला. जुलैत आमच्याकडे शहाणा माणूस अंगणातसुद्धा जात नाही, डांबर घालणं तर सोडाच.

खालची माती दाबायला आम्ही गुरुवारी गेलो, तेव्हा वेंडेल व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे बघत त्यांचा पाय हलत होता. मी लगेच ओळखलं. हा आपल्यातला.

"याला ब्रेक आहे का गं?" त्यांनी ओफेलियाला विचारलं.

"आहे की. पण माझा भाऊ लावू देत नाही."

"माझंही तसंच होतं. मागे नव्वद डबे. ब्रेक लावला तरी गाडी थांबायची दीड मैलाने." ते हसले. "आता बघ. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास एका खुर्चीत. ही खरी शिक्षा."

"मग पळून जाताय का? हा जाड्या घेऊन जाईल तुम्हाला."

"या वेगाने? डार्लीन चालत येऊन पकडेल."

शुक्रवारी डार्लीनबाईंची गाडी वळणावर वाळूत रुतली. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी डांबराच्या ट्रकची व्यवस्था लावत होतो. कुणी येऊन गाडी काढेपर्यंत दवाखान्याची गाडी फाटकावरून परत गेली होती. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दवाखान्यात म्हणाले, सोमवारी आणा, पण तोवर पाणी बेताने द्या, नाहीतर ते छातीत साठेल.

आणि शनिवारी पहाटे आम्ही डांबर टाकायला लागलो.

स्ट्राउडांच्या घरापासून सुरुवात करून फाटकाकडे सरकायचं, म्हणजे ट्रक मातीवरूनच येतील, असा बेत. पुढे डांबर पसरणारं यंत्र, त्यामागे मी. सूर्य अजून डोंगराआड, तरी हवा भट्टीसारखी. माझ्या चाकांवर पाण्याची धार सुटलेली, खालून वाफ, वरून डांबराचा वास. मी खूश. मागे-पुढे, मागे-पुढे. अंथरलेलं खडबडीत काळं घोंगडं माझ्याखालून सपाट, गुळगुळीत होऊन निघत होतं. साडेआठला निम्मा रस्ता झाला. पारा चाळिशी ओलांडून गेला.

मी घराच्या बाजूचा टप्पा पुन्हा एकदा दाबायला आलो होतो. व्हरांड्यात वेंडेल बसले होते, पण पाय हलत नव्हता. मला ते खटकलं. ओफेलियालाही खटकलं असावं, कारण तिने मान वळवली. तेवढ्यात त्यांच्या मांडीवरची टोपी खाली पडली, आणि ती उचलायला त्यांचा हात हललाच नाही.

ओफेलियाने ब्रेक लावला.

मित्रांनो, काय सांगू. गरम डांबरावर, आयुष्यात पहिल्यांदा, मी उभा. ती उडी मारून पळाली. मी खाली बघत होतो. माझ्या पुढच्या चाकाची कड हळूहळू आत जात होती, दहीभातात चमचा जावा तशी. इंजिन चालू, अंग थरथरतंय, आणि मला हलता येत नाही. ओरडावंसं वाटत होतं, कुणीतरी मला हलवा रे.

"डार्लीनबाई, बाहेर या," ओफेलिया हाक मारत होती. "आडवं नका करू, बसतं करा. श्वास लागलाय यांना."

डार्लीनबाई बर्फाचं भांडं तसंच टाकून आल्या. त्यांनी फोन लावला. दूर यंत्रापाशी तेओला मी उभा दिसलो, आणि तो लंगडत, तावातावाने आला.

"ओफे, अगं वेड लागलं का तुला? जाड्या उभा आहे तो. तीस वर्षं मी काय..."

तो व्हरांड्यापाशी पोचला. वेंडेलचे ओठ निळसर पडले होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"ते विचारतायत," डार्लीनबाई फोन कानाला लावून म्हणाल्या, "रुग्णवाहिका दारापर्यंत येईल ना?"

सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना वाळू, कालच एक गाडी गिळलेली. मधे आमचं काळंभोर, वाफाळणारं डांबर. त्याच्या तोंडाशी शंकूंची रांग.

तेओने टोपी काढली, परत घातली. "येईल म्हणावं," तो म्हणाला.

मग तो गेला आणि शंकू उचलायला लागला. एकेक. गुडघा वाकत नव्हता, तरी वाकून. यंत्र आणि ट्रक वाटेतच उभे होते, ते वळवायला जागा नव्हती. केसलर आजोबांनी आपलं कुंपणाचं दार सताड उघडलं आणि म्हणाले, "घाला माझ्या अंगणात. निवडुंग मोडला तर मोडला."

ओफेलिया माझ्याकडे परत आली तेव्हा सात मिनिटं झाली होती. तिने मला त्या खड्ड्यातून उचकटून काढलं आणि स्ट्राउडांच्या अंगणातल्या टणक मातीवर, वाट सोडून नेऊन ठेवलं. थोड्याच वेळात रुग्णवाहिका आली. नव्या गरम डांबरावरून, सरळ. मागे दोन चऱ्या, दोन बोटं खोल. वेंडेलना घेऊन ती त्याच चऱ्यांमधून परत गेली. डार्लीनबाई आत बसल्या होत्या, टोपी त्यांच्या हातात.

तेओ त्या चऱ्यांपाशी आला. मग बुटाच्या टाचेने डांबर दाबून पाहिलं.

"अजून मऊ आहे. चल ओफे."

ज्या उन्हाला सगळे सकाळपासून शिव्या देत होते, त्यानेच आम्हाला वाचवलं. दुसऱ्या कुठल्या गावी डांबर एव्हाना दगड झालं असतं. इथे ते अजून गरम होतं. आम्ही दुपारपर्यंत त्या चऱ्या दाबत राहिलो. बुरितो खायला कुणी थांबलं नाही, ते माझ्या पत्र्यावर करपून गेले. संध्याकाळी रस्ता असा झाला की त्यावरून रुग्णवाहिका गेली होती हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

माझा खड्डा मात्र राहिला. रुंद, उथळ, स्ट्राउडांच्या दारासमोर. चार टनांचा ठसा असा पुसला जात नाही.

दीड आठवड्याने, एका बुधवारी, दवाखान्याची गाडी त्या रस्त्याने थेट दारापर्यंत आली, वेंडेलना घेऊन. तेओ आणि ओफेलिया तेव्हा नेमके तिथे होते, मला आणि करवत घेऊन. खड्डा चौकोनी कापून भरायचा होता.

"चार तास खुर्चीत बसून आलो, तर दारात हे काय चाललंय?" वेंडेल म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण पाय हलत होता. "हा खड्डा माझा का?"

"तुमचाच," ओफेलिया म्हणाली.

"मग राहू दे."

"मिस्टर स्ट्राउड, माझं नाव जाईल," तेओ म्हणाला. "लोक विचारतील, हा ठसा कसला."

वेंडेलनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. "अडतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर पोचवल्या," ते म्हणाले. "माझ्यासाठी कुणी काही थांबवलं नव्हतं. राहू दे तो."

तेओने करवत गाडीत ठेवली. जाता जाता केसलर आजोबांनी फाटकापाशी गाठलं आणि तक्रार केली, "रस्ता झकास झालाय, पण आता कोण येतंय कळतच नाही बुवा."

त्यानंतर मी आणखी सहा उन्हाळे काम केलं. मग माझ्या पुढच्या चाकाचा आवाज वाढला, आणि तेओच्या मुलीने नवा रोलर आणला, सावली मोठी, गादीखाली पंखा. मला तेओच्या अंगणामागे एका काटेरी झाडाखाली उभं केलं. शेवटच्या दिवशी घाई होती, कुणी माझी चाकं धुतली नाहीत. डांबर वाळून त्यांचे पोपडे झाले. टाकीत उंदरांनी निवडुंगाचे काटे आणून घर थाटलं. मित्रांनो, उभं राहणं काय असतं हे मला सात मिनिटांत कळलं होतं. आता वर्षं झाली. दूर कुठे ट्रक मागे घेतानाचा आवाज आला की माझं अख्खं अंग अजून पुढे झुकतं.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. एखाद्या यंत्राला कामावरून घरी पाठवाल, तेव्हा आधी त्याला धुवून घ्या. त्याने तुमच्यासाठी जे अंगावर घेतलं, ते तरी त्याच्या अंगावर वाळू देऊ नका. आणि रस्त्यावर केशरी शंकू दिसले तर मुकाट्याने वळून जा. कुणाला श्वास लागलेला असेल, तर मात्र माझ्यासारखे थांबा.

ओफेलिया अजून येते. केस पांढरे झालेत, टोपी तीच. ती चांदीच्या कागदातला बुरितो माझ्या पत्र्यावर ठेवते. इंजिन कधीच बंद पडलंय, पण आमच्या उन्हात पत्रा तापायला इंजिन लागत नाही. मग ती माझ्या सावलीत खाली बसते, पालो व्हेर्दे लेनची बातमी सांगते. पाऊस पडला की खड्ड्यात पाणी साठतं आणि लाव्हे पक्षी येऊन पितात म्हणे. वेंडेल गेले परवा, पण त्या खड्ड्यानंतर आणखी आठ वर्षं जगून. डार्लीनबाईंनी खड्डा अजून भरू दिलेला नाही.

मी ऐकत राहतो. आणि ज्याला जन्मात कधी एका जागी बसवलं नाही, तो मी मनात म्हणत असतो, आज हा बुरितो जरा सावकाश गरम होऊ दे.