एक इंच माया

मित्रांनो, माझा पहिला इंच हरवलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी हकिगत त्या एका इंचाची आहे.

मी कपडे मापायची टेप. एके काळी पिवळीधमक होते, आता माझा रंग जुन्या दातांसारखा झाला आहे. कारखान्यात एका लांबच लांब पट्टीतून मला कापले, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या आणि एका दुकानाच्या काचेत ठेवले. तिथून मी टेलरबाईंच्या गळ्यात पडले. लोक गळ्यात पडलेल्या वस्तूला कंटाळतात. टेलरबाईंनी मात्र मला सकाळी गळ्यात घातले की संध्याकाळी कुलूप लावतानाच काढले, आणि हे तीस वर्षे चालले.

आमचे दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीला कापायचे टेबल, आणि उरलेल्या अर्ध्या जागेत इस्त्रीवाले काका. शाळेचे गणवेश, शर्ट, फ्रॉक, पडदे, घट्ट झालेल्या पँटी असे काम असायचे. गिऱ्हाइकाच्या पोटाचा आकडा टेलरबाईंनी कधी मोठ्याने वाचला नाही. तो त्या मनातल्या मनात वाचत आणि वहीत उतरवत. वाढत्या वयाचे मूल आले की त्याच्या आईला सांगत, "आत माया ठेवते हं. पुढच्या वर्षी उसवून देईन."

मित्रांनो, शिलाईच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. अंग भरले की टाके उसवायचे आणि कपडा पुन्हा अंगाला येतो. काही शिंपी कापड वाचवण्यासाठी माया ठेवत नाहीत. आमच्या बाई कमी कापडातही ती कुठून काढत, ते मलाही कधी कळले नाही.

माझा पहिला इंच इस्त्रीवाल्या काकांनी जाळला. एके दुपारी मी त्यांच्या टेबलावर लोळत होते. काका गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होते. चर्र झाले. पितळी टोपी आणि तिच्यामागचा तुकडा काळाठिक्कर पडला.

"वहिनी, उद्या नवी आणून देतो," काका ओशाळून म्हणाले.

टेलरबाईंनी मला एकच्या रेघेवर सरळ कापले आणि टोकावर चिंधी दुमडून शिवली. तेव्हापासून मी एक इंच जास्त सांगते. मी चौतीस म्हटले की बाई वहीत तेहेतीस लिहीत. कधी चुकल्या नाहीत. काकांचा 'उद्या' मात्र काही उजाडला नाही. बाई त्यांना टोमणा मारत, "तुमचा उद्या सावकाश इस्त्रीला टाकलेला दिसतोय."

बाईंना एक मुलगी. लहानपणी ती कापायच्या टेबलाखाली पुस्तक घेऊन बसायची. मोठी झाली आणि ग्रंथालयात कामाला लागली. सुईदोऱ्याला तिने कधी हात लावला नाही. चालताना पळायची, जेवताना वाचायची, म्हणून बाई तिला घाईताई म्हणत.

आता दुःखाचे सांगते. टेलरबाईंची एक सवय होती. दोऱ्याची गाठ त्या नेहमी कापडाच्या आतल्या बाजूला घेत. "गाठ दिसली की काम कच्चं," असे म्हणत. छातीत गाठ लागली तेव्हाही त्यांनी तेच केले. गणवेशांचा हंगाम होता. हंगाम संपू दे, म्हणून तीन महिने त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. मला माहीत होती. पण मी टेप. विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

शस्त्रक्रिया झाली, मग पुढचे उपचार. रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. उपचारानंतर उभेही राहवत नसे, मग दोन गाड्या बदलून घरी कसे यायचे? तिथे एक पांढरी गाडी होती. रुग्णांना घरून नेई आणि परत आणून सोडी. ती कुणा एकाची नव्हती. दर वर्षी रुग्णालयाच्या निधीसाठी शेकडो माणसे चालत, त्यांच्या ओळखीचे लोक मदत देत, आणि त्यातून ती गाडी चाले. चालक दर वेळी खाली उतरून दार उघडायचा आणि म्हणायचा, "या आजी, तुमचीच गाडी आहे." बाई पन्नाशीच्या होत्या. आजी म्हटलेले त्यांना मुळीच आवडत नसे. तरी एकदा घरी आल्यावर म्हणाल्या, "घाईताई, कोण कुठली माणसं, त्यांच्यातल्या कुणाचं मी कधी मापसुद्धा घेतलं नाही, आणि त्यांनी माझ्यासाठी गाडी ठेवलीय बघ."

बाईंचे कपडे सैल पडू लागले. त्या स्वतःसाठी नवा झगा शिवायला बसल्या. पण शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात वर जाईना. तेव्हा त्यांनी मला मुलीच्या हातात दिले. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी दुसऱ्या हातात गेले.

घाईताईने माझे टोक धरले, कमरेभोवती फिरवले आणि लगेच वाचले. टोकाच्या चिंधीकडे तिने पाहिलेच नाही.

"तेहेतीस! आई, अगं आधी वहीत चौतीस होते. फक्त एक इंच कमी झालाय. मी उगीच घाबरले."

इस्त्रीवाल्या काकांनी मान वर केली. "अगं पण त्या टेपचा तर पहिला—"

टेलरबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांना बोलता येईना. त्यांनी काकांकडे नुसते पाहिले आणि मान हलवली. काकांनी तोंड मिटले आणि सुरकुती नसलेल्या शर्टावर पुन्हा इस्त्री फिरवली.

टाचण्या काढून बाई म्हणाल्या, "बरं, लिही तेहेतीस."

खरे माप बत्तीस होते.

त्यानंतर दर महिन्याला घाईताई माप घ्यायची. दर महिन्याला मी एक इंच जास्त सांगायची आणि भीती होती तेवढे उतरले नाही म्हणून दर महिन्याला तिचा चेहरा थोडा उजळायचा. मित्रांनो, मी आयुष्यभर खरे बोलले. खोटे बोलण्याची पाळी आली ती अशी, आणि माझ्या मालकिणीनेच मला गप्प बसवले. शेवटचे माप घाईताईने एकोणतीस लिहिले. पुढच्या महिन्यात माप द्यायला कुणी उरले नाही.

दुकान बंद झाले. काकांनी शेजारच्या बोळात टेबल मांडले. मी वहीसोबत डब्यात पडले.

वर्षभराने डबा उघडला. बाहेर घाईताई आणि काका उभे होते. टेबलावर एक पत्रक होते. त्या गाडीच्या निधीसाठी रुग्णालयाने पुन्हा चालण्याचा कार्यक्रम ठेवला होता. घाईताईने नाव दिले होते. प्रत्येकाने दहा इंचांचा चौकोनी कापडाचा तुकडा पाठीवर लावायचा होता आणि त्यावर लिहायचे होते, 'मी कशासाठी चालते'.

"चार दिवस झाले, काका. सुचत नाही," ती म्हणाली. "लिहिलं की सगळं छापील वाटतं. मी नावच काढून घेते."

"अगं, एवढी पुस्तकं पालथी घातलीस आणि एक ओळ येईना?"

"दुसऱ्यांच्या ओळी येतात."

तिने पत्रक दुमडून बाजूला सारले. मग ती हळू म्हणाली, "खरं सांगू? मला वाटतं, माझं काहीतरी चुकलं. दर महिन्याला मीच माप घेत होते. महिन्याला एकच इंच उतरतोय, म्हणजे आई सावरतेय, असं मला वाटायचं. मला कसं कळलं नाही?"

काकांनी कापडाची दहा इंच रुंदीची एक पट्टी तिच्यापुढे सरकवली. नुसते म्हणाले, "आधी कापड तरी काप. ओळीचं नंतर बघू."

तिने मला त्या पट्टीवर लांबीला ठेवले, दहावर खूण केली आणि तुकडा कापला. पत्रकासोबत नमुन्याचा तुकडा आला होता, त्यावर तो ठेवला. तुकडा एक इंच आखूड होता. तिने पुन्हा मापले. पुन्हा दहाच. मग कधी नव्हे ते तिने माझे टोक डोळ्यांजवळ नेले. चिंधी पाहिली. चिंधीनंतर येणारा पहिला आकडा पाहिला. तो दोन होता.

"काका, हे..."

"मी जाळला," काका म्हणाले. "अठरा वर्षं झाली. त्या दिवशी सांगणार होतो तुला. वहिनींनी सांगू दिलं नाही."

घाईताईने वही उघडली. आईचे पान काढले. तिच्या स्वतःच्या अक्षरातले आकडे एकाखाली एक होते: तेहेतीस, बत्तीस, एकतीस, तीस, एकोणतीस. आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीने, अगदी बारीक, आईच्या अक्षरात: 'बत्तीस. माया १.' 'एकतीस. माया १.' अशी खालपर्यंत. शेवटच्या ओळीत अक्षर थरथरले होते, पण मायेचा तो एक चुकलेला नव्हता.

ती बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसली. रडली असावी, पण तिची पाठ माझ्याकडे होती. मग तिने कपाटातून आईचा शेवटचा झगा काढला. तो आतून उलटला. शिलाईच्या आत, नेहमीसारखी, एक इंच माया ठेवलेली होती. अंग भरेल या आशेने ठेवली होती की सवयीने, ते मला विचारू नका.

घाईताईने टाके एकेक करून उसवले, घाई न करता. ती पट्टी तिने आखूड तुकड्याला जोडली. हात सराईत नव्हता, टाके वाकडे आले, पण तुकडा बरोबर दहा इंच झाला. मग तिने एका दमात लिहिले:

'आई दर वेळी घरी परत यायची. त्या गाडीसाठी.'

काकांनी वाचले, नाक ओढले आणि म्हणाले, "झालं की. आता आण इकडे, इस्त्री मारतो. टेप आधी उचल."

रविवारी सकाळी काकाही चालायला आले. त्यांनी खिशातून एक नवीकोरी टेप काढली. "घे. उजाडला एकदाचा माझा उद्या."

घाईताई हसली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिचे हसणे ऐकले. "राहू दे तुमच्याकडे, काका. मला हीच पुरते."

आणि तिने मला गळ्यात घातले. मी साठ इंचांची, तीही एकाने उणी. रुग्णालयापासून पुलापर्यंत चालायचे होते; ते अंतर मापणे माझ्या ताकदीबाहेरचे. मी नुसती तिच्या पावलांबरोबर हलत राहिले. वाटेत ती पांढरी गाडी उभी होती. चालकाने तिच्या पाठीवरची ओळ वाचली आणि उतरून, सवयीने, दार उघडले. तिने हात जोडले आणि पुढे चालू लागली.

मित्रांनो, मी तुमच्याकडे दोनच गोष्टी मागते. शरीरात गाठ लागली तर ती कपड्याच्या गाठीसारखी आत लपवू नका, आणि घरातल्या मोठ्यांनाही लपवू देऊ नका. आणि आपल्या माणसाने तुम्हाला एखादा आकडा खुशाल चुकू दिला असेल, तर त्या चुकीचा राग धरू नका.

आता संध्याकाळी घाईताई दुकान उघडते आणि आईच्या मशीनवर शिवायला शिकते. टाके अजून वाकडेच येतात. पण मला हातात घेतले की आधी ती माझे टोक बोटांनी चाचपते, हरवलेल्या इंचापाशी क्षणभर थांबते, आणि मगच मापायला सुरुवात करते.