हरकत

दोन भावंडांतली मोठी एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाची प्रमुख होती. पूर्वी तिच्या नाकावर राग असायचा. तिची चाहूल लागली की नर्स गप्प व्हायच्या. मग रुग्णालयाने तिला वर्षभर नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि तिचा आवाज खाली आला. आधी सगळ्यांचं ऐकायचं, मग विचारायचं, मग ठरवायचं. विभाग सुधारला, माणसं टिकायला लागली. घरी नवरा थट्टेने म्हणायचा, "तुझ्याशी भांडायची सोयच उरली नाही."

अशात बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ते शुद्धीवर येतील अशी आशा नव्हती. श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं की काढायचं, एवढंच ठरवायचं होतं. मोठीने आईला आणि धाकट्या भावाला विभागाबाहेरच्या छोट्या खोलीत बसवलं. पाणी दिलं. आई बोलली, भाऊ थोडंसं बोलला. शेवटी तिने हळुवारपणे विचारलं, "कुणाची काही हरकत आहे का?"

कुणी काही म्हणालं नाही. यंत्र काढलं. दुपारपर्यंत बाबा गेले.

काही महिन्यांनी भाऊ तिच्याकडे स्वयंपाकघरातला गळका नळ बदलायला आला. सिंकखाली डोकं घालूनच तो म्हणाला, "ताई, माझी हरकत होती."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"बोलला का नाहीस?"

"इतकं छान विचारलंस तू. नाही म्हणणारा मीच वाईट ठरलो असतो. पूर्वी तू ओरडायचीस, मग मीही ओरडायचो."

"काय हवं होतं तुला?"

"दोन दिवस. त्या सकाळी मी बाबांचा हात धरला तेव्हा त्यांनी दाबल्यासारखं वाटलं होतं. भास असेल."

अशा अवस्थेत बोटं आपोआप मिटतात, हे ती रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगत असे. तिने तोंड उघडलं. "तुला काय वाटत असेल, ते मी..." तोच मऊ, शिकलेला आवाज. ती तिथेच थांबली.

"शिव्या दे मला," ती म्हणाली.

"आता देऊन काय होणार?" त्याने नळ आवळला, हात धुतले, चहा घेतला आणि गेला. त्यानंतरही तो येत राहिला, नीट बोलत राहिला. तो विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.

हल्ली सुट्टीच्या दिवशी जेवून आडवी झाली की ती नवऱ्याच्या हातात हात देते आणि डोळे मिटते. "दाब," म्हणते. "जोरात नको. अगदी जेमतेम."

तो दाबतो. "कळलं?" विचारतो.

"पुन्हा," ती डोळे न उघडता म्हणते. "त्याहून हलकं."