उमेदवार दहा, अर्ज एक

"अहो, फूड प्रोसेसर मी आधी मागितलाय हं! आणि आता म्हणे ती श्रियाला देणार."

संजीवनीने हे नवऱ्याच्या कानात सांगितलं, पण तिची कुजबुज म्हणजे लग्नातली पंगत उठवणारी हाक. लिफ्टमध्ये सगळ्यांनी ऐकलं. निशिकांतने बायकोला कोपराने ढोसलं आणि पुढ्यात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या अनघाकडे भुवयांनी खूण केली. मग तो मजल्यांचे आकडे वाचू लागला.

अनघाने हातातला वड्यांचा डबा पोटाशी धरला. फूड प्रोसेसर तिचा होता. काल रात्रीच त्यात तिने कणीक भिजवली होती. नवऱ्याचा, विवेकचा कामाचा पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, पुढे वाढला नाही ही बातमी फुटून आठवडा होत नाही, तोच तिच्या घरातल्या वस्तूंना वारस मिळाले होते. वॉशिंग मशीन, लेकीचं, अवनीचं टेबल, कुंडीतली तुळससुद्धा. माणूस जिवंत असताना तेराव्याची भांडी वाटायला घ्यावीत तसं.

तशी इथली रीतच ती. कुणी परत निघालं की सामान आपल्यातच वाटून घ्यायचं. अनघाचा स्वतःचा सोफा एका नागपूरकरांचा होता. पण ते निघाले होते. अनघा कुठे निघाली होती? पास नाकारला तर कंपनीला अपील करता येतं, हे तिने स्वतः शोधून, दोनदा वाचून काढलं होतं. अपील करायचं विवेकच्या डिपार्टमेंटच्या साहेबाने. साहेब म्हणजे अभय, आणि ही लिफ्ट चालली होती ती अभयच्याच घरी. अवनीची सहावीची मोठी परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. ती होईपर्यंत राहू द्या, एवढंच अनघाला मागायचं होतं.

"तिथे विषय काढू नकोस हं," टॅक्सीतून उतरताना विवेक म्हणाला होता. "सुट्टीचा दिवस आहे."

"मग कधी काढू? एअरपोर्टवर?"

त्यावर तो टॅक्सीवाल्याने दिलेले सुटे मोजू लागला होता.

या परक्या देशाला स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून इथल्या सरकारने शुक्रवारची जादा सुट्टी दिली होती. मरीन परेड भागातल्या इमारतींच्या गॅलऱ्या लालपांढऱ्या झेंड्यांनी भरून गेल्या होत्या. अभयच्या हॉलमध्ये मात्र अमेरिका लागली होती. तिथली रात्र ती इथली सकाळ, त्यामुळे पोह्यांबरोबर वादसभा. पुढच्या वर्षीच्या अध्यक्षपदासाठी एकाच पक्षाचे दहा जण गुडघ्याला बाशिंग बांधून टीव्हीवर रांगेत उभे होते. बघणाऱ्यांपैकी एकालाही तिथे मत नव्हतं. निम्म्यांना तर इथेही नव्हतं. पण उत्साह असा, की जणू तिकीटवाटप अभयच्याच सोफ्यावरून व्हायचं होतं.

"या, या! आमचा वॉशिंग्टनचा वार्ताहर आला!" अभयने विवेकच्या पाठीवर थाप मारली. "विवेक, इथे बस. माझ्या शेजारी."

भिशीसारख्या चिठ्ठ्या करून त्याने स्टीलच्या वाटीत टाकल्या होत्या. प्रत्येकाने एक उमेदवार उचलायचा. ज्याचा आधी गळेल त्याने सगळ्यांना इथल्या ईस्ट कोस्टला, समुद्रकाठी जेवण द्यायचं.

"मला आपला तो लाल टायवाला द्या बाई," संजीवनी म्हणाली.

"वहिनी, त्यातले अर्धे लाल टायवालेच आहेत," अभय म्हणाला.

हशा झाला. विवेकही हसला. कोण पैशाने भक्कम, कोण नुसता बोलघेवडा, पहिलं मतदान होतं त्या आयोवा राज्यात कुणाला वारं आहे, हे तो अभयला समजावून सांगू लागला. अनघाच्या टाळूपर्यंत संताप चढला. आयोवातल्या मतदारांच्या पोटात काय आहे ते या माणसाला ठाऊक, आणि मांडीला मांडी लावून बसलेल्या साहेबाच्या पोटात काय आहे ते विचारायला याला तोंड नाही!

टीव्हीवर कुणीतरी बाहेरून येणाऱ्यांबद्दल तावातावाने बोललं. अभयने मांडीवर थाप मारली. "बरोबर बोलतोय! आधी घरच्यांचं बघा ना. नियम तो नियम." गेल्याच वर्षी तो इथला नागरिक झाला होता.

बाकीची डोकी पोह्यांच्या बशांत गेली. निशिकांतने तर कढीपत्ता वेगळा काढायला घेतला.

अनघा उठून स्वयंपाकघरात गेली. अभयची बायको नीलिमा डबे भरत होती. श्रीखंड, चिवडा, मेतकूट, एकावर एक.

"एवढं कुणाला गं?"

"तुलाच. ने. असू दे." नीलिमाने मान वर केली नाही. दोघींची सात वर्षांची मैत्री. अवनीला कांजिण्या आल्या तेव्हा नीलिमा चार रात्री उशाशी बसली होती.

"अनघाताई, पुण्यात शाळा काय छान निघाल्यात हो आता," ओट्यापाशी काकडी चोचवता चोचवता श्रिया म्हणाली. फूड प्रोसेसरची दुसरी वारस ती हीच. "स्विमिंग पूल वगैरे."

"हो का? मग तू का नाही जात?"

श्रियाने दुसरी काकडी उचलली. अनघाने नीलिमाचा हात धरला. "अभय अपील कधी टाकतोय? तुला काही बोलला?"

"आज नको गं," नीलिमा म्हणाली. "आजचा दिवस जाऊ दे."

अळीमिळी गुपचिळी! अनघा तडक बाहेर आली, टीपॉयवरचा रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. दहा जणांतला एक तोंड हलवत राहिला.

"अगं, अगं, ब्रेक तरी होऊ दे," अभय म्हणाला.

"दहा आहेत. एक ऐकला नाही तर चालेल. अभय, अपील कधी करतोयस?"

"अनघा," विवेक पुटपुटला.

"तू थांब. तू आयोवा बघ."

अभयने चष्मा काढला, पुसला. "त्याचं असं आहे, हल्ली सगळं फार कडक झालंय. लोकल लोकांना आधी घ्या म्हणतात. आपल्या हातात काय असतं सांग?"

"अपील असतं. मी वाचलंय."

"बघतो ना. एचआरशी बोलतो."

"आठवडाभर बघतोयस. काय दिसलं? मलाही दाखव की! दोन महिने मागतेय मी, अभय, जहागीर नाही. पोरगी शाळेतून येऊन रात्रीपर्यंत गणितं सोडवते. तिला मी अजून सांगितलेलं नाही. तुला लिहायला वेळ नसेल तर मी लिहिते, तू नुसती सही कर. मला फक्त ते नकाराचं पत्र दे. का नाकारलं ते कळल्याशिवाय अपिलात लिहू काय?"

आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली अवनी इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, "ममा, व्हाय सो क्वाएट? टीव्ही स्पॉइल ऑलरेडी, आ?"

अनघाने एकेकाकडे पाहिलं. निशिकांत हातातल्या चिठ्ठीची सुरळी करत होता. संजीवनीने, त्या तोंडाळ संजीवनीने, पदर ओठांवर धरला होता. श्रिया दारातून विवेककडे बघत होती आणि विवेक स्वतःच्या पायांकडे. त्याचे कान लाल झाले होते. अनघाने हे कान ओळखले. लपवताना ते असेच व्हायचे.

"पत्र ऑफिसात आहे," अभय म्हणाला. "सोमवारी देतो."

"सोमवारी सुट्टी आहे."

"मग मंगळवारी. अगं, शोधावं लागेल."

"पुरे, अभय!" नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हाताला श्रीखंड लागलेलं. "पत्र नाहीये, अनघा. नाकारायला आधी अर्ज जावा लागतो. लोकल माणूस घ्यायचा म्हणून याने विवेकचा अर्ज पाठवलाच नाही. आणि तू सोडून इथे सगळ्यांना ते माहीत आहे. विवेकलासुद्धा."