दिव्यांवरचं पांघरूण

मनोहर देवस्थळीचं घर जळावं, असं सुचित्राने तीन वर्षं रोज मनापासून चिंतलं होतं. आज शिडीवर चढून, छताच्या झडपेतून डोकं आत घालून तिने बॅटरी मारली, तर ते खरंच जळायच्या बेतात होतं.

सिंगापूरच्या मरीन परेडमधलं अगदी वरच्या मजल्याचं घर. वरून छत तापतं, एसीचा गारवा सीलिंगमधल्या दिव्यांच्या भोकांतून निसटतो, म्हणून मनोहरने वर उष्णता अडवणारं ग्लासवूल अंथरून घेतलं होतं. चांगलंच केलं. पण ते थेट दिव्यांवर दाबून बसवलं होतं. तापाने फणफणलेल्या माणसावर गोधड्या टाकाव्यात, तसला प्रकार. एका दिव्याची वायर करपून तपकिरी झाली होती, आणि तिच्या बरोबर खाली इराचा पलंग. इरा म्हणजे मनोहरची कॉलेजात जाणारी लेक.

तीन वर्षांपूर्वी असंच एक ऑफिस पेटलं होतं. 'प्रत्येक दिव्यावर आधी आगरोधक टोपी घाला, दिव्यांचे ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवा, मगच ग्लासवूल पसरा,' असं सुचित्राने लिहून दिलं होतं. तिचा साहेब असलेला मनोहर म्हणाला, टोप्यांना वेळ नाही. आग लागल्यावर मात्र त्याने हात झटकले आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. नोकरी गेली, पाठोपाठ सिंगापुरात काम करायचा पास गेला, महिनाभरात गाशा गुंडाळून ती पुण्याला. दुसऱ्या कंपनीने परत इथे बोलावलं, तरी 'आग लावणारी बाई' ही ओळख काही पुसली नाही. आणि आज छताच्या तपासणीला नेमकं त्याच्याच दारात! "अरे वा, सुचित्रा! जुनं ते सोनं!" म्हणाला निर्लज्ज.

गप्प उतरायचं, 'सगळं ठीक आहे' म्हणायचं, की झालं. हा विचार तिला गोड लागला, खोटं कशाला बोला? पण पलंगावर पोरीची पुस्तकं पसरली होती. सुचित्रा खाली आली आणि तिने आधी बोर्डावरून दिव्यांची लाइनच बंद केली.

"वरचं काम नीट होईपर्यंत हे दिवे लावायचे नाहीत. दिव्यांवर ग्लासवूल घालायला कुणी सांगितलं, सर?"

"कॉन्ट्रॅक्टरची माणसं गं. गाढवं लेकाची!"

"नो लाह, पप्पा," दारात उभी असलेली इरा म्हणाली. "कॉन्ट्रॅक्टर अंकल आस्क्ड यू अबाउट द कव्हर्स. यू सेड नो टाइम."

मनोहरचा चेहरा पडला. इथे थांबता आलं असतं. सुचित्रा थांबली नाही. एवढी संत ती नव्हती.

"इरा, त्या ऑफिसच्या आगीबद्दल पप्पांनी तुला काय सांगितलंय?"

"समवन कॉल्ड सुचित्रा फरगॉट..." इराची नजर तिच्या गळ्यातल्या कार्डावर गेली आणि वाक्य तिथेच अडकलं. मग ती बापाकडे वळली. "पप्पा, तेव्हापण तुम्हीच?"

"सुचित्रा, प्लीज," मनोहर हळूच म्हणाला. "लेकीसमोर नको."

तिला त्याची कणभरही दया आली नाही. उलट तीन वर्षांत पहिल्यांदा काळजाला गारवा मिळाला.

"लेकीसमोरच. ती विचारतेय ना? सांगा."

त्याने नजर शिडीकडे वळवली.

"हो," तो पुटपुटला.

"मोठ्याने, सर," सुचित्रा म्हणाली.