चिखलाची गादी

लिबेराला खाणीची मुकादम होऊन तीन वर्षं झाली होती, पण तिच्या बापाने ही गोष्ट अजून मनावर घेतली नव्हती. काराराच्या संगमरवरी डोंगरावर त्यांच्या खाणीत एक जुनी रीत होती. दुपारच्या जेवणाला मुकादमाने ‘हो’ म्हटल्याशिवाय वाइनच्या बाटलीचं बूच निघत नसे. म्हातारा आतेओ मात्र रोज घडीची खुर्ची काखोटीला मारून वर यायचा, सगळ्यांसमोर बसायचा आणि खुशाल बूच काढायचा. स्वतः वीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाला बोलणार कोण? खाणीत सगळेच देव न मानणारे, पण आतेओ या नावाचा अर्थच नास्तिक. पाद्र्याला डिवचायला त्याच्या बापाने ठेवलेलं ते नाव त्याने जन्मभर मिशीला पीळ देऊन मिरवलं होतं.

शनिवारी खाणीच्या भागीदारांची, म्हणजे तिथे राबणाऱ्यांचीच, बैठक होती. भुकटीच्या कारखान्याने मागणी घातली होती, की अख्खा डोंगर आम्हाला द्या, आम्ही फोडू, दळू आणि टूथपेस्टमध्ये घालू. तुम्हाला कापायची, जपायची कटकट नको. निम्मे भागीदार पाघळले होते. चार पिढ्यांनी हाडं झिजवली त्या संगमरवराने लोकांनी दात घासायचे, हे काही लिबेराच्या घशाखाली उतरेना. मागच्या बैठकीत ती ताडकन उठून बोलून बसली होती, “डाव्या कड्याची भिंत अखंड उतरवून दाखवते. फुटली, तर भुकटीच्या बाजूने वर होणारा पहिला हात माझा!”

आता ती भिंत समोर उभी होती, चार मजली घराएवढी. तारेने चहूबाजूंनी कापून झाली होती, फक्त आडवी पाडायची राहिली होती. जिथे ती पडणार तिथे खडीची गादी घालायची आणि वरून थोडा चिखल, ही आतेओची पद्धत. लिबेराने मात्र दोन दिवस गाड्या लावून कापकामाचा पांढरा चिखल ओतून घेतला होता. भिंतीचं डोकं आपटणार त्या टोकाला तर कंबरेच्याही वर.

“पोरी, दगड पाडतेस का बाळंतीण निजवतेस?” खुर्चीतून आतेओ ओरडला. ड्रिलने कान गेलेला माणूस, साधं बोलणंही ओरडूनच.

“तुमच्या वेळी निम्मी भिंत फुटायची बाबा, विसरलात का?”

“फुटायची! पण झोकात फुटायची!”

गाडीवाला स्पार्ताको पुढे झाला. “मुकादम, उशी पण आणू का? माझ्या सासूची आहे. सासूसकट आणतो.”

सगळे खो खो हसले. लिबेराही हसली, आणि तिने हात वर करून भोंग्याची खूण केली.

भोंगा वाजला. माणसं मागे सरली. भिंतीमागच्या फटीत पोलादी पत्र्याच्या चपट्या पिशव्या सरकवलेल्या होत्या, त्यांत पाणी भरायला लागलं. पिशव्या फुगल्या. डोंगर करकरला. भिंत बोटभर हलली, मग वीतभर, आणि मग तिने अंग टाकलं.

“अगं माझ्या देवमाते!” कुणीतरी किंचाळलं.

धप्प! चिखल असा उडाला की टोपीपासून बुटांपर्यंत सगळे पांढरे झाले.

“नास्तिकांपैकी कोण ओरडलं रे?” स्पार्ताकोने विचारलं.

“मी नाही,” नाकावरचा चिखल पुसत आतेओ म्हणाला.

भिंत वरून अखंड दिसत होती. पण संगमरवराच्या दिसण्यावर इथलं शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. आत तडा असला तर हातोडीखाली दगड भद्द बोलतो, धडधाकट असला तर टणटणीत वाजतो. लिबेराने हातोडी उचलली. तेवढ्यात आतेओ चिखल तुडवत दुसऱ्या टोकाला गेला. कानाने ऐकू येत नाही म्हणून त्याने गालच दगडाला लावला.

“हाण!”

टण्ण! आवाज देवळातल्या घंटेसारखा घुमत गेला. सगळ्यांनी तो ऐकला, पण नजरा म्हाताऱ्यावरच होत्या.

“मधे हाण!”

टण्ण!

“आता इकडे, माझ्याजवळ!”

टण्ण!

आतेओने गाल उचलला. दगडावर दोनदा थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारतात तशी. मग काय विचारता! स्पार्ताको चिखलात लोळला, दोघांनी लिबेराला उचलून घेतलं, आणि भुकटीच्या बाजूचा सगळ्यात मोठा बोलघेवडा भागीदार हातोडी घेऊन पुन्हा पुन्हा टण्ण टण्ण करत बसला. शनिवारी कुणाचा हात कुणाच्या बाजूने वर होणार, हे विचारायची गरजच उरली नाही.

भाकऱ्यांएवढे पाव निघाले, टोमॅटो निघाले, दगडी कुंडीत मुरवलेल्या डुकराच्या चरबीचे पातळ काप निघाले. आतेओने बाटली काढली. बुचाला हात घातला आणि तसाच थांबला.

“काय म्हातारबा, अडकलं की काय?” स्पार्ताको म्हणाला.

आतेओने बाटली मांडीवर आडवी ठेवली. एका गालावर चिखल, दुसऱ्यावर दगडाची भुकटी. तो लेकीकडे बघत होता.

“जेवायची वेळ झाली,” तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला. “मग हे उघडायचं का नाही, ते सांगा की मुकादम.”

लिबेराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं.

“उघडा बाबा,” ती म्हणाली आणि तिने आपला पेला पुढे केला.