गुळाचं पारडं

धुकं अजून बांधावरून उठलं नव्हतं आणि सुगंधाबाई केव्हाच पुढे निघून गेली होती. मागून येणाऱ्या भागीरथेला आईचं हिरवं लुगडं तेवढं दिसे, तेही मधूनच. तिने हळू चालायला सांगितलं, तर धुक्यातून उत्तर आलं, "तूच ये वं लवकर. तरणी पोरगी अन् मांगं काय करून राह्यली?"

चामोर्शीहून मार्कंड्याला महादेवाच्या देवळाकडे जाणारी ही वाट सुगंधाबाईने साऱ्या संसारात कधी पायी तुडवली नव्हती. जत्रेला ती बैलगाडीतून जाई, चाकांच्या बरोबर मध्ये बसून, गाडी कलंडू नये म्हणून. त्या अंगाचं गावाला कौतुक होतं. गुणवंतरावांच्या धानाच्या व्यापाराची बरकत लोक तिच्या दंडांवर पाहत. त्या अंगात साखर मुरली आहे, हे फक्त मोरीतल्या मुंग्यांना ठाऊक होतं.

मग पोटातला व्रण फुटला, रक्ताच्या उलट्या झाल्या. नागपूरला नेण्याच्या दिवशी गुणवंतरावांनी बायकोला धानाच्या काट्यावर बसवून तोललं आणि नवस बोलले, की वाचून आली तर महादेवापुढे तिच्या भारंभार गूळ वाटीन.

डॉक्टरांनी अर्ध्याहून अधिक जठर कापून काढलं. ती वाचली. पण उन्हाळ्यात तलाव काठाकाठाने आटावा तशी तिच्या अंगावरची चरबी उतरत गेली. आधी गाल, मग दंड, मग पोट. मुंग्या मोरीकडे फिरकेनाशा झाल्या. तपासणीत लघवी निळ्या औषधात उकळली, ती निळीच राहिली. जठर व्रणासाठी कापलं, साखर का गेली ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, असं डॉक्टर भागीरथेला म्हणाले. खाणं थोडं थोडं द्या, रक्त कमी होईल, तिकडे लक्ष ठेवा, एवढंच त्यांनी बजावलं.

गुणवंतरावांना वाटे, असं चिपाड देवापुढे तोलणं म्हणजे देवाला फसवणं. पहिल्यासारखी भरली की तोलू. ते लाडू आणत, तूप वाढत. गोडाचा घास पोटात गेला की सुगंधाबाईला दरदरून घाम फुटे, डोकं गरगरे. ती ताट हळूच बाजूला सारी. नवस तसाच राहिला, एका शिवरात्रीकडून दुसऱ्या शिवरात्रीकडे ढकललेला.

वाटेत गावातली रुखमाबाई सरपणाची मोळी टेकवून उभी होती. "काय होती वं सुगंधे, अन् काय झाली. नवरा खाऊ घालत नाई का?"

"घालते न बाप्पा. पोटच कापून घेतलं, तं ठेवू कुठी?" सुगंधाबाई हसत पुढे गेली. भागीरथेने पावलं उचलली. दारोदारी हेच ऐकू येई आणि ती कधीच काही बोलत नसे.

देवळाजवळच्या नदीवर पोचेपर्यंत धुकं पाण्यावर उतरलं होतं. पलीकडचा काठ नव्हताच. आई पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, आणि धापा न टाकता वर चढून आली. मग पुन्हा उतरली. कारण काहीच नव्हतं. "सपनात चालल्यावानी वाटते," ती म्हणाली. "कोनाचं तरी अंग मांगून आनलं, असं." मग ऊन आल्यावर तापलेल्या दगडावर तिला झोप लागली.

त्या रात्री तिला हिव भरून ताप चढला. आठवडा उलटायच्या आत ती गेली.

"आंगावर मांस असतं, तं तापानं आधी तेच खाल्लं असतं," रुखमाबाई ओसरीवर म्हणाली. बायकांनी माना हलवल्या. भिंतीशी बसलेल्या गुणवंतरावांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून ते एकच म्हणत राहिले, की म्याच तिले कापाले नेली. कापलं नसतं तर आई तेव्हाच गेली असती, हे भागीरथेला कळत होतं. पण वडिलांपुढे तिचं तोंड उघडेना.

तेरावा झाल्यावर त्यांनी नवस फेडायचा ठरवला. देवळासमोरच्या झाडाला मापारी वारलूने मोठा तराजू टांगला. बाईच्या जागी वजनं ठेवायची होती. कोणचं वजन लावू, आधीचं की नंतरचं, त्याने अदबीने विचारलं.

"पयलं," गुणवंतराव म्हणाले. "तेच तिचं खरं होतं. मांगून जी आली, तो आजार होता."

नंतरचं वजन तसंही कुणी केलंच नव्हतं. वारलूने एक वजन उचलून पारड्यात ठेवलं, मग दुसरं. तिसऱ्याला भागीरथेने त्याचा हात धरला. आधीची दोन्ही तिने स्वतःच उचलून खाली ठेवली. गेली दोन वर्षं मायलेकी एकमेकींच्या चोळ्या घालत होत्या. ती पदर सावरून रिकाम्या पारड्यात बसली. दोर करकरले.

"तोला भाऊ," ती वारलूला म्हणाली. "एवढीच होती."

वारलूने गुणवंतरावांकडे पाहिलं. त्यांनी खाली मान घातली आणि गुळाच्या ढेपी एकेक करून स्वतःच समोरच्या पारड्यात ठेवल्या. तिचं पारडं हळूहळू वर येऊ लागलं, भागीरथेचे पाय जमिनीवरून सुटले.

"आजार पयले होता, बाबा. मांगून आली ते माही आई होती," ती म्हणाली. मग नदीकडे पाहत, हळू आवाजात, "मले तू अशीच आवडली वं, आई."